कमरेचं ओझं: परवान्याचं हत्यार रोज अंगावर कसं वागवावं



शिवाजी पेठेत येऊन हत्यारांवर बोलायचं, म्हणजे रंकाळ्याला पाणी कसं असतं ते सांगायला जाण्यासारखं आहे. इथली पोरं लाठी, फरीगदका आणि पट्ट्याचे हात बघत बघतच मोठी होतात. आम्हीही त्यातलेच. आखाड्यात शिकलो, पुढं तिथंच शिकवायला लागलो, आणि आमच्यातल्या दोघांकडे रिव्हॉल्व्हरचा परवाना आहे. त्यामुळं आज जे सांगणार आहोत, ते थोडं इतिहासातलं आहे, थोडं कायद्यातलं आहे आणि बरंचसं स्वतःच्या कमरेला वळ उठल्यावर कळलेलं आहे.

आखाड्यातलं हत्यार हे दाखवायचं हत्यार असतं. मिरवणुकीत ते चमकलं पाहिजे. आजचा विषय बरोबर उलटा आहे. ज्याला जिवाच्या धोक्यामुळं सरकारनं परवाना दिलाय, त्यानं ते हत्यार रोज अंगावर कसं ठेवायचं? कुणाला दिसणार नाही, स्वतःला टोचणार नाही आणि चुकून सुटणार नाही, असं?

सुरुवातीला एक गोष्ट सांगतो. आमच्या ओळखीचे एक व्यापारी आहेत, नाव सांगत नाही. रोकड घेऊन रात्री घरी जायचं, त्यात धमक्या आलेल्या. परवान्यासाठी वर्षभर चपला झिजवल्या, रिव्हॉल्व्हरला चांगली रक्कम मोजली. आणि कव्हर कसलं घेतलं? दुकानात समोर लटकत होतं ते, मऊ कापडी, स्वस्तातलं. पहिल्या आठवड्यात कमरेला घट्टा पडला. दुसऱ्या आठवड्यात रिव्हॉल्व्हर गाडीच्या डिकीत गेलं. आणि एक दिवस गाडी धुवायला दिली, तेव्हा तिथल्या पोरानं डिकी उघडली आणि ते हातात घेऊन उभा राहिला. भरलेलं होतं. सुदैवानं काही झालं नाही. पण आम्हाला हे सांगताना त्या माणसाचा हात थरथरत होता.

आजच्या व्याख्यानाचं सार तेवढंच आहे. टोचणारं हत्यार माणूस अंगावरून काढून ठेवतो, आणि काढून ठेवलेलं हत्यार दुसऱ्याच्या हातात जातं. म्हणून आराम ही इथं चैन नाही, सुरक्षेचाच भाग आहे.

प्रतापगडावरून काय शिकायचं

१० नोव्हेंबर १६५९. प्रतापगडाच्या पायथ्याची ती भेट इथं कुणाला सांगायला नको. पण आज ती तयारीच्या नजरेनं बघू. महाराजांनी अंगरख्याच्या आत चिलखत घातलं होतं, डोक्याला मंदिलाखाली लोखंडी टोप होता, आणि जवळ वाघनखं नि बिचवा होता. वरून बघणाऱ्याला दिसत होता तो भेटीला निघालेला राजा.

वाघनखांची रचना बघा. एका आडव्या पट्टीला वाकडी नखं, आणि दोन टोकांना दोन कड्या, एक तर्जनीत आणि एक करंगळीत घालायची. मूठ मिटली की नखं तळहातात गडप, बाहेरून दिसतात त्या नुसत्या अंगठ्या. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या करारानं साताऱ्याच्या संग्रहालयात आली, तेव्हा तुमच्यापैकी अनेकजण बघून आले असतील. ती प्रतापगडावरचीच, असं ते म्युझियमही ठामपणे म्हणत नाही. पण घडण समजून घ्यायला ती उत्तम आहेत.

यातून तीन गोष्टी निघतात. पहिली, हत्यार अंगाच्या मापाचं होतं. दुसरी, कपडा हत्याराला धरून निवडलेला होता. आधी कपडे चढवले आणि मग हत्यार कुठं खुपसू असा विचार केला, असं झालं नाही. आणि तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. जवळ हत्यार आहे हे चालण्याबोलण्यातून कळत नव्हतं. सारखा कमरेकडं हात जाणारा माणूस सगळ्यांना ओळखू येतो.

आणखी एक जुनी गोष्ट म्हणजे शेला. जुनी चित्रं बघा. कट्यार नेहमी कमरेच्या शेल्यात खोवलेली असते. शेला म्हणजे नुसती शोभा नव्हे. चार-पाच वेढे घट्ट बसलेले, त्यामुळं कट्यारीचं वजन एका जागी न टोचता सगळ्या कमरेवर पसरायचं. आज शेल्याचं काम कोण करतं? आपला पट्टा. त्याच्याकडं आपण येणारच आहोत.

कायदाच झाकायला सांगतो

आता एक गैरसमज काढून टाकू. पुष्कळांना वाटतं, परवाना आहे म्हणजे शर्ट वर करून दाखवायला मोकळीक. तसं नाही. शस्त्र अधिनियम १९५९ चा आणि त्याखालचे शस्त्र नियम २०१६ चे. त्या नियमांत स्पष्ट आहे की सार्वजनिक ठिकाणी छोटं अग्निशस्त्र नेताना ते त्यासाठीच बनवलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशा धारकात हवं, पूर्ण झाकलेलं हवं, आणि बाळगणाऱ्याचा त्यावर ताबा हवा. हत्यार परजणं, मिरवणं याला बंदी आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या भरात बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. वरातीतल्या हौशी मंडळींनी हे ध्यानात ठेवावं.

म्हणजे खिशात तसंच टाकलेलं रिव्हॉल्व्हर गैरसोयीचं तर आहेच, ते नियमाच्याही बाहेर आहे.

कोल्हापूरकरांसाठी आणखी एक. परवान्यावर तो कुठल्या क्षेत्रात चालतो ते लिहिलेलं असतं. क्षेत्र फक्त महाराष्ट्र असेल, तर कागल ओलांडून निपाणीला पाहुण्यांकडं जाताना हत्यार अंगावर नको. आपल्याला ती सीमा जाणवत नाही, कायद्याला जाणवते.

आणि गुप्तीबद्दल कुणी तरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. काठीत लपवलेलं पातं हेही शस्त्र नियमांच्या यादीत तलवारीबरोबर धरलेलं आहे. आजोबांची आठवण म्हणून घरात असेल, तर पोलीस ठाण्यात रीतसर विचारून घ्या. बरोबर घेऊन फिरू नका.

आधी पट्टा, मग कव्हर

लोक आधी हत्यार घेतात, मग कव्हर शोधतात आणि पट्टा जुनाच ठेवतात. आम्ही म्हणतो, पट्ट्यापासून सुरुवात करा.

कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर साधारण सातशे ग्रॅमच्या आसपास जातं. २०१४ मध्ये कानपूरमध्येच ‘निर्भीक’ नावाचं हलकं मॉडेल निघालं, ते सुमारे पाचशे ग्रॅमचं. पाचशे असो की सातशे, हे वजन दिवसभर एका बाजूला लटकतं. साधा पातळ पट्टा त्या जागी वाकतो, कव्हर बाहेरच्या बाजूला कलंडतं, मूठ शर्टातून डोकावते. मग माणूस पट्टा आणखी आवळतो आणि संध्याकाळी पोटावर वळ घेऊन घरी येतो.

पट्टा साधारण दीड इंच रुंद, दोन थरांचा आणि आडव्या बाजूनं ताठ असावा. दुकानात एक साधी परीक्षा घ्या. पट्टा दोन्ही हातांत आडवा धरा आणि पिळून बघा. ओल्या पंच्यासारखा पिळला गेला, तर तो बाजूला ठेवा. आणि पँट नेहमीपेक्षा एक-दोन इंच सैल घ्या, कारण आतून कव्हर बसणार असेल तर त्याला जागा लागते.

कव्हर कसं पारखायचं

होल्स्टरला आपल्याकडं सरसकट कव्हर म्हणतात, आम्हीही तसंच म्हणू. घेताना तीन गोष्टी बघा. यातली एक जरी नसली, तरी ते घेऊ नका.

पहिली, चाप पूर्ण झाकला गेला पाहिजे. चापाभोवतीच्या कडीत बाहेरून बोट शिरता कामा नये, आणि कव्हर इतकं मऊही नको की बाहेरून दाबलं तर चाप दाबला जाईल. हा नियम सगळ्यात वरचा.

दुसरी, पकड. रिकामं हत्यार कव्हरमध्ये घालून गादीवर उलटं धरा. ते आपोआप खाली पडता कामा नये. वरून बटणाची वादी असली तर उत्तम, विशेषतः दुचाकीवाल्यांना.

तिसरी, तोंड. हत्यार बाहेर काढल्यावर कव्हरचं तोंड उघडं राहिलं पाहिजे. मिटलं, तर परत घालताना दुसरा हात मध्ये आणावा लागतो, म्हणजे आपलाच हात नळीसमोर येतो.

आता कशाचं घ्यायचं? चामड्याबद्दल कोल्हापुरात वेगळं सांगायला नको. आपली चप्पल ज्या चामड्याची होते, ते बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं. असं झाडपाल्यानं कमावलेलं चामडं ताठ राहतं आणि ओलं करून साच्यावर बसवलं की तोच आकार धरतं. कव्हरला हेच लागतं. मात्र कव्हर नेमक्या त्याच मॉडेलच्या मापाचं हवं. ‘सगळ्यांना बसतं’ असं म्हणून मिळणारं कव्हर कुठल्याच हत्याराला धड बसत नाही.

चामडं अंगाला सोसतं, आवाज करत नाही. पण ते घाम आणि ओल पितं. आपल्याकडच्या पावसाळ्यात हत्यार रात्रभर चामड्याच्या कव्हरमध्ये ठेवलं, तर गंज धरायला वेळ लागत नाही. रात्री बाहेर काढा, पुसा, तेलाचा हलका हात फिरवा, कव्हर वेगळं सुकू द्या. चामडं जुनं होऊन तोंडाशी मऊ पडलं, दुमडून आत जायला लागलं, की मोह सोडा आणि नवं घ्या. ती दुमड चापात अडकू शकते.

दुसरा प्रकार कडक प्लॅस्टिकच्या पत्र्याचा, गरम करून हत्याराच्या आकारावर दाबलेला. घाम पीत नाही, आकार सोडत नाही, चाप पक्का झाकतो. उघड्या अंगाला मात्र तो टोचतो, म्हणून आत सुती बनियन हवाच. तिसरा प्रकार पातळ कापडी. तो स्वस्त आहे, पण वरच्या तीन परीक्षांत बहुधा नापास होतो. आमच्या व्यापारी मित्राचं कव्हर याच जातीचं होतं.

अंगावर कुठं

स्वतःला घड्याळ समजा. बेंबी म्हणजे बारा, पाठीचा कणा म्हणजे सहा. उजव्या हातानं काम करणाऱ्यासाठी तीन ते चार वाजण्याची जागा, म्हणजे उजव्या कमरेच्या हाडाच्या किंचित मागं, बहुतेकांना सोसते. हाडाच्या नेमकं वर ठेवलं तर टोचतं, बोटभर मागं सरकवलं की फरक पडतो.

पुढच्या बाजूला, एकच्या आसपास, हत्यार चांगलं झाकलं जातं, पण बसल्यावर पोटात रुततं आणि नळीचं तोंड मांडीकडं राहतं. नवख्या माणसानं तिथं जाऊ नये. सहावर, कण्यावर, तर कधीच नको. गाडीवरून घसरून पाठीवर पडलात, तर लोखंड थेट मणक्यात जाईल. शिवाय मागून कुणी हात घातला, तर तुम्हाला दिसणारही नाही. घोट्याला किंवा काखेत बांधणं सिनेमात छान दिसतं. रोजच्या जगण्यात ते गैरसोयीचं.

कव्हर पँटच्या बाहेर की आत? बाहेर आराम जास्त, पण वरून लांब कपडा लागतो. आत घातलं की नळी झाकली जाते, उरते ती मूठ. झाकायला अवघड असते ती मूठच. कव्हर थोडं पुढं झुकतं बसवलं, की मूठ बरगडीच्या रेषेत येते आणि पाठीमागं उंचवटा दिसत नाही. रिव्हॉल्व्हरचा चक्राचा भाग जाड असतो, पिस्तूल चपटं असतं, म्हणून आतून वागवायला पिस्तूल सोपं जातं. रिव्हॉल्व्हरचा मागचा घोडा कपड्यात अडकतो, तेही बघून घ्या.

कपडे आणि आपलं रोजचं जगणं

परदेशातल्या माहितीत जाकीट आणि जीन्स गृहीत धरलेली असते. आपलं जगणं वेगळं आहे.

सदरा बाहेर सोडलेला, थोडा जाड कापडाचा, गडद किंवा चौकड्यांचा असावा. पांढऱ्या शुभ्र पातळ सदऱ्यात सगळं उमटतं. झब्बा लांब असतो म्हणून बरा वाटतो, पण त्याला बाजूला चिरा असतात. वाऱ्यानं चीर उडाली की कमर उघडी. वरून बंडी किंवा जाकीट असलं तर काम होतं. लेंगा-पायजम्याच्या नाडीवर मात्र कव्हर लावू नका. नाडी वजन धरत नाही, आणि तिचं टोक चापाच्या कडीत गुंतण्याचा धोका खरा आहे.

दुचाकीवर वाऱ्यानं शर्ट वर जातो, म्हणून वरून जाकीट घालून चेन लावा. पंगतीत मांडी घालून बसायचं असेल, तर घरी आधी बसून बघा. आणि खाली पडलेली वस्तू उचलताना कमरेतून वाकू नका, गुडघ्यातून बसा. आखाड्यात जोर-बैठका काढलेल्यांना हे अवघड जाऊ नये!

परवानाधारक भगिनींसाठी: साडी किंवा सलवारीला ताठ पट्टा नसतो, म्हणून पर्सचा विचार येतो. पर्स घेतलीच, तर हत्यारासाठी वेगळा बंद कप्पा हवा, आत चाप झाकणारं कव्हर हवं, आणि त्या कप्प्यात किल्ली, कंगवा, पेन काहीही नको. ती पर्स खुर्चीला अडकवायची नाही, लग्नात जावेकडं सांभाळायला द्यायची नाही. हे जमणार नसेल, तर कुर्त्याखाली जीन्स आणि पट्टा हाच चांगला मार्ग.

आठ दिवसांची तालीम

नवं हत्यार घेऊन पहिल्याच दिवशी बाजारात जाऊ नका. आधी आठ दिवस घरात. हत्यार रिकामं करा, दोनदा तपासा, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा. मग कमरेला लावून घरची कामं करा. जिने चढा, जेवायला बसा, गाडीच्या सीटवर बसून बघा. रोज कुठं टोचतं ते लिहा आणि बोटभर पुढं-मागं सरकवा. घरच्यांना विचारा, दिसतं का? आणि एक गोष्ट मोजायला सांगा: दिवसात किती वेळा हात तिकडं गेला? तो आकडा शून्यावर आला, की तालीम झाली.

परत कव्हरमध्ये घालताना कधीच घाई नको. बोट चापापासून लांब, कपडा बाजूला, नजर कव्हरच्या तोंडावर, आणि सावकाश. शर्टाचं टोक कडीत अडकून बार उडणं ही खरी होणारी गोष्ट आहे. शक्य तेवढं हत्यार कव्हरमधून बाहेर काढूच नका. काढायचंच झालं तर कव्हरसकट काढा. जितकी हाताळणी कमी, तितकी चूक कमी.

घरी आल्यावर

उशीखाली नको, देव्हाऱ्यामागं नको, कपाटात साड्यांच्या घडीत नको. पोरांना घरातली प्रत्येक लपवायची जागा माहीत असते, आपणही लहानपणी तेच केलंय. पोलादी तिजोरीत कुलपात, रिकामं, काडतुसं वेगळी.

आणि काही ठिकाणी न्यायचंच नाही. लग्न, जत्रा, मिरवणूक, सभा, शाळा-कॉलेजचं आवार. देवळात जाताना, पंचगंगेच्या घाटावर अंघोळीला जाताना घरीच ठेवा. ज्या दिवशी थोडी जरी घेतलेली असेल त्या दिवशी तर हातही लावू नका. निवडणुकीच्या काळात जमा करायचा आदेश आला, तर वेळेत जमा करा आणि पोच घ्या.

शेवटी एका श्रोत्यांनी चिठ्ठी पाठवली आहे. ती वाचतो: “एवढं सगळं करण्यापेक्षा न वागवलेलंच बरं नाही का?”

साहेब, प्रश्न योग्य आहे, आणि आमचं उत्तर आहे, बऱ्याच जणांसाठी हो. धोका खरा असेल आणि एवढी शिस्त रोज पाळायची तयारी असेल, तरच वागवा. नाहीतर तिजोरीत ठेवा, किंवा परवाना परत करा, त्यात कमीपणा नाही. आमच्या त्या व्यापारी मित्रानं पुढं चांगला पट्टा आणि मापाचं कव्हर घेतलं. वर्षभरानं रोकड नेण्याची पद्धतच बदलली, आता पैसे दुकानातूनच बँकेत जातात. मग त्यांनी रिव्हॉल्व्हर विकण्यासाठी रीतसर अर्ज केला. आम्ही विचारलं, का? ते म्हणाले, “कमरेचं टोचणं थांबलं होतं हो, पण मनाचं टोचणं आता थांबलं.”

आखाड्यात आम्ही पोरांना पहिल्या दिवशी हत्यार हातात देत नाही. आधी जमिनीला नमस्कार, मग पवित्रा, मग काठी, आणि पुष्कळ पुढं पातं. ज्याला ठेवायचं कसं ते कळलं, त्यालाच उचलायला मिळतं. बंदुकीच्या परवान्यालाही हाच क्रम लावा.

प्रश्न असतील तर थांबलो आहोत.